रक्तदाबाच्या गोळ्या आणि मधुमेह्याचे कोलेस्टेरॉल

(गोव्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी मधुमेहाचे व रक्तदाबाचे रुग्ण, त्यांचे कुटुंबीय आणि आरोग्य कर्मचारी यांच्या मेळाव्यात एका वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे, तो वरवर पाहता केवळ डॉक्टरांच्या चर्चेचा वाटावा असा आहे. रक्तदाबाच्या औषधांचा मधुमेही माणसाच्या कोलेस्टेरॉलवर काय परिणाम होतो, हा प्रश्न सर्वसामान्य श्रोत्यांपुढे कशासाठी मांडावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठी एक अनुभव सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक येत असत. वय बासष्ट-त्रेसष्ट. दहा वर्षांचा मधुमेह, त्याच्या जोडीला रक्तदाब. गृहस्थ अतिशय शिस्तीचे. साखरेचे आणि रक्तदाबाचे आकडे एका वहीत तारीखवार लिहून ठेवीत. त्यांची रक्तदाबाची गोळी दोन औषधांची मिळून केलेली होती आणि त्यांपैकी एक औषध लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकणारे होते. एकदा रक्ततपासणीत त्यांचे कोलेस्टेरॉल पूर्वीपेक्षा चौदा अंकांनी वाढलेले आढळले. त्याच सुमारास, लघवीच्या गोळीने मधुमेह्याचे कोलेस्टेरॉल वाढते, असे त्यांच्या वाचनात आले. जे वाचले ते सर्वस्वी खोटे नव्हते. मास्तरांनी दोन आणि दोन चार केले आणि कोणास न विचारता गोळी बंद केली. पुढच्या खेपेस डॉक्टर रागावतील या संकोचाने ते तपासणीसही आले नाहीत. पाच महिन्यांनी त्यांना रुग्णवाहिकेतून आणण्यात आले, तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. त्यांच्या पत्नीने येताना औषधांचा पत्र्याचा डबा सोबत आणला होता. त्यात पाच महिन्यांच्या गोळ्यांची पाकिटे न फोडलेली होती.

गोळी थांबवली नसती तर पक्षाघात खात्रीने टळला असता, असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. परंतु त्या दिवशी त्यांचा वरचा रक्तदाब २१० होता. एवढ्या दाबाने मेंदूतील रक्तवाहिनीचे काय होते, हे सांगण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. मास्तरांनी वाचलेल्या माहितीत अर्धे सत्य होते. उरलेले अर्धे आज आपणापुढे ठेवावे, एवढाच माझा हेतू आहे.

आपल्या दारातला प्रश्न

गोव्यात या विषयाचे महत्त्व अधिक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षे व त्यावरील वयाच्या एक लाखाहून अधिक स्त्रीपुरुषांची ही पाहणी होती. तीनुसार देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आणि रक्तदाबाचे ३५.५ टक्के आढळले. सर्व राज्यांत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत अधिक होते ते गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढ माणसे एकत्र बसली तर त्यांतील एकास मधुमेह, असा हिशेब होतो. आजच्या या सभेत तर तो हिशेब करण्याचीही आवश्यकता नाही.

मधुमेह आणि रक्तदाब ही दोन दुखणी पुष्कळदा जोडीने येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ रक्तातील स्निग्ध पदार्थांचा बिघाड येतो. या बिघाडाचे स्वरूप प्रथम समजून घेऊ.

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. पेशींची आवरणे आणि कित्येक संप्रेरके बनविण्यासाठी शरीराला ते लागते आणि आपले यकृत ते स्वतःच तयार करते. ते पाण्यात विरघळत नसल्यामुळे रक्तातून त्याची ने-आण प्रथिनांच्या वेष्टनात बांधून करावी लागते. त्यांपैकी एलडीएल नावाचे कण कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्यांच्या भिंतींत नेऊन साठवतात, म्हणून त्यांस वाईट म्हणतात. एचडीएल कण शिल्लक कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणतात, म्हणून ते चांगले. ट्रायग्लिसराइड हा तिसरा प्रकार, तो मुख्यत्वे साठवणीच्या चरबीचा. मधुमेह्यामध्ये बहुधा ट्रायग्लिसराइड वाढलेले, एचडीएल घटलेले आणि एलडीएलचे कण आकाराने बारीक पण अधिक उपद्रवी असे चित्र दिसते. एकूण कोलेस्टेरॉलचा आकडा पाहून निर्धास्त झालेल्या मधुमेह्याच्या रक्तवाहिन्याही आतून अरुंद होत असू शकतात, त्याचे हेच कारण.

कोणती गोळी काय करते

रक्तदाबाच्या सगळ्या गोळ्या एकसारख्या नसतात. कोलेस्टेरॉलवरील परिणामांच्या दृष्टीने त्यांचे पाच गट करता येतील.

पहिला गट मूत्रल औषधांचा, म्हणजे थायझाइड जातीच्या गोळ्यांचा. ही औषधे १९५०च्या दशकाच्या अखेरीस वापरात आली. स्वस्त, परिणामकारक आणि दिवसातून एकदाच घ्यावयाची असल्याने ती जगभर पसरली. हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरथॅलिडोन ही त्यांतील परिचित नावे. या औषधांनी एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड काहीसे वाढतात, रक्तातील साखरही थोडी वाढू शकते. लघवीवाटे पोटॅशियम गेल्याने स्वादुपिंडातून इन्सुलीन कमी सुटते, इन्सुलीनचा शरीरावरील प्रभाव मंदावतो आणि यकृत अधिक चरबी रक्तात सोडू लागते, अशी त्याची उपपत्ती सांगतात. परंतु येथे मात्रेचा विचार अत्यंत महत्त्वाचा आहे. पूर्वी ही औषधे ५० ते १०० मिलिग्रॅम इतक्या मोठ्या मात्रेत देत असत. कोलेस्टेरॉल पाच-सात टक्क्यांनी वाढल्याचे निष्कर्ष प्रामुख्याने त्या मात्रेचे आणि पहिल्या काही महिन्यांचे आहेत. आज साधारणतः साडेबारा ते पंचवीस मिलिग्रॅम देतात. एवढ्या मात्रेत हा परिणाम फारच थोडा असतो.

दुसरा गट बीटा-रोधकांचा. सर जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल शोधून काढले आणि पुढे १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रोप्रॅनोलॉल, अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही या गटातील औषधे. त्यांनी एलडीएल फारसे बदलत नाही, मात्र ट्रायग्लिसराइड वाढतात आणि एचडीएल उतरते, म्हणजे मधुमेह्याचे मूळचे चित्रच किंचित अधिक गडद होते. रक्तातील चरबी उचलून नेणाऱ्या विकराचे काम मंदावणे, हे त्याचे एक कारण. मधुमेह्याने या गटाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साखर एकाएकी उतरली की छातीत धडधड आणि हातास कंप या ज्या धोक्याच्या खुणा जाणवतात, त्या या औषधांनी झाकल्या जातात. घाम येणे मात्र झाकले जात नाही. म्हणून बीटा-रोधक घेणाऱ्या मधुमेह्यास विनाकारण दरदरून घाम सुटला तर त्याने प्रथम साखर तपासावी. या गटातील कार्व्हेडिलॉल हे नंतरचे औषध मात्र सौम्य ठरले. मधुमेह व रक्तदाब असलेल्या रुग्णांत त्याची मेटोप्रोलॉलशी तुलना करणारा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर किंचित चढली, कार्व्हेडिलॉल घेणाऱ्यांची जवळजवळ होती तिथेच राहिली.

तिसरा गट एसीई-रोधकांचा आणि त्यांच्या चुलत भावंडांचा, ज्यांना संक्षेपाने एआरबी म्हणतात. यांतील पहिले पोटात घेण्याजोगे औषध कॅप्टोप्रिल. त्याच्या शोधाचा धागा ब्राझीलमधील जराराका नावाच्या सापाच्या विषापर्यंत जातो. एनालाप्रिल, रामिप्रिल ही एका शाखेतील, तर लोसार्टान, टेल्मिसार्टान ही दुसऱ्या शाखेतील नावे आपल्या डब्यांत सापडतील. कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने ही औषधे निरुपद्रवी, किंबहुना किंचित अनुकूल. लघवीतून प्रथिन जाऊ लागलेल्या मधुमेह्याच्या मूत्रपिंडाचे ती रक्षण करतात, हा त्यांचा विशेष गुण. एसीई-रोधकाने काहींना कोरडा खोकला लागतो, तेव्हा दुसऱ्या शाखेतील औषध देता येते. दोन्ही शाखांतील औषधे एकाच वेळी घेऊ नयेत आणि गर्भवती स्त्रीने त्यांपैकी एकही घेऊ नये.

चौथा गट कॅल्शियम-रोधकांचा. अ‍ॅम्लोडिपिन हे त्यातील घरोघरी पोचलेले नाव. कोलेस्टेरॉल आणि साखर या दोहोंबाबत ही औषधे तटस्थ आहेत. पायांच्या घोट्यांवर सूज येणे हा त्यांचा नेहमीचा त्रास.

पाचवा गट अल्फा-रोधकांचा, म्हणजे प्राझोसिन, डॉक्साझोसिन इत्यादींचा. कोलेस्टेरॉलचा अहवाल समोर ठेवून औषध निवडावयाचे झाले तर हाच गट पहिला यावा, कारण यांनी एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड थोडे उतरतात आणि एचडीएल थोडे चढते. या गटाविषयी मला आणखी सांगावयाचे आहे, परंतु ते जरा पुढे.

शंका कशी उत्पन्न झाली

मूत्रल गोळ्यांविषयीची भीती वावगी नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. रक्तदाबावरील उपचारांच्या त्यावेळपर्यंतच्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक चाचण्या मूत्रल औषधे व बीटा-रोधक यांच्या होत्या. खालचा रक्तदाब पाच-सहा अंकांनी उतरवल्याने पक्षाघाताचे प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले होते, म्हणजे अपेक्षेइतके. हृदयविकाराचे प्रमाण मात्र २० ते २५ टक्क्यांनी घटावे अशी अपेक्षा असता ते केवळ १४ टक्क्यांनीच घटले होते. ही तूट कुठे गेली? अनेक अभ्यासकांनी बोट दाखवले ते कोलेस्टेरॉलकडे. एका हाताने रक्तदाब उतरवून दिलेला लाभ ही औषधे दुसऱ्या हाताने कोलेस्टेरॉल वाढवून काढून घेत असावीत, असा तर्क मांडला गेला. तर्क सुसंगत होता. मधुमेह्यांच्या बाबतीत तर तो अधिकच पटण्यासारखा होता. त्या काळात कित्येक डॉक्टर मधुमेह्यास मूत्रल गोळी लिहून देण्यास कचरत, त्यामागे हीच भूमिका होती.

परंतु वैद्यकात सुसंगत तर्क आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत अंतर असते. ते अंतर प्रत्यक्ष रुग्णांवरील दीर्घकालीन चाचण्यांनीच भरून निघते.

चाचण्यांनी दिलेला कौल

वयोवृद्धांतील वाढलेल्या वरच्या रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन लहान मात्रेत देऊन पाहणारी एक मोठी चाचणी अमेरिकेत झाली. तिचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले आणि पक्षाघात ३६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पुढे १९९६ साली त्यातील मधुमेह्यांचा स्वतंत्र हिशेब मांडण्यात आला. ज्या मधुमेह्यांविषयी एवढी चिंता होती, त्यांच्यातही हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या मोठ्या विकारांचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. मधुमेह्यांना मुळातच धोका अधिक असल्यामुळे वाचलेल्या माणसांची संख्या मोजली तर दर हजारी त्यांना झालेला लाभ इतरांच्या सुमारे दुप्पट भरला.

ब्रिटनमध्ये मधुमेह्यांवर झालेल्या प्रदीर्घ अभ्यासाचा रक्तदाबविषयक भाग १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ११४८ रुग्ण होते. एका गटाचा रक्तदाब सरासरी १४४/८२ वर, तर दुसऱ्याचा १५४/८७ वर राहिला. केवळ दहा आणि पाच अंकांच्या या फरकाने मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी आणि पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. कडक नियंत्रणाच्या गटातील काहींना कॅप्टोप्रिल, तर काहींना अटेनोलॉल देण्यात आले होते. एक औषध मेदाच्या बाबतीत निर्दोष, दुसरे सदोष, तरी लाभ जवळजवळ सारखाच झाला.

सर्वांत मोठी कसोटी मात्र अमेरिका व कॅनडातील त्या चाचणीची, जिचे मुख्य निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. पंचावन्न वर्षांवरील ४२ हजारांहून अधिक रक्तदाबाचे रुग्ण तीत होते आणि त्यांतील सुमारे छत्तीस टक्के मधुमेही होते. चार गटांना चार औषधे देण्यात आली : क्लोरथॅलिडोन, अ‍ॅम्लोडिपिन, लिसिनोप्रिल आणि डॉक्साझोसिन. चार वर्षांनी सरासरी कोलेस्टेरॉल क्लोरथॅलिडोनच्या गटात १९७.२, अ‍ॅम्लोडिपिनच्या गटात १९५.६ आणि लिसिनोप्रिलच्या गटात १९५ मिलिग्रॅम होते. म्हणजे ज्या दोषाचा एवढा बभ्रा झाला, तो चार वर्षांअखेर सुमारे दोन मिलिग्रॅमचा होता. साखरेवरील परिणाम मात्र खरा होता. प्रारंभी मधुमेह नसलेल्यांपैकी चार वर्षांनी मधुमेहाच्या पातळीस पोचलेल्यांचे प्रमाण क्लोरथॅलिडोनच्या गटात ११.६ टक्के, तर लिसिनोप्रिलच्या गटात ८.१ टक्के होते. तथापि हृदयविकाराचा झटका व त्याने येणारा मृत्यू या कसोटीवर तिन्ही गट सारखेच ठरले. हृदय दुर्बल होऊन अंगावर पाणी चढणे या विकारापासून तर क्लोरथॅलिडोननेच इतर दोघांपेक्षा अधिक संरक्षण दिले.

आता त्या पाचव्या गटाकडे वळू. डॉक्साझोसिन घेणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल अपेक्षेप्रमाणे उतरले होते. त्यांचे अहवाल इतरांपेक्षा अधिक नेटके होते. परंतु त्यांच्यात हृदय दुर्बल होण्याचे प्रमाण क्लोरथॅलिडोनच्या गटाच्या सुमारे दुप्पट आढळले आणि २००० साली चाचणीचा तेवढा भाग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला.

मंडळी, मास्तरांनी न वाचलेले अर्धे सत्य ते हे. कागदावरचा आकडा सुधारणारे औषध माणसाला कमी वाचवते आणि आकडा किंचित बिघडवणारे औषध त्याला अधिक वाचवते, असे घडू शकते. अलीकडच्या काळातही याचा प्रत्यय आला आहे. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या नव्या जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाने एलडीएल किंचित वाढते. तरी हृद्रोग असलेल्या मधुमेह्यांमध्ये त्याने हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटविल्याचे २०१५ साली दिसून आले. आपण औषध घेतो ते पक्षाघात, हृदयविकार, डायलिसिस आणि अकाली मृत्यू टाळण्यासाठी. प्रयोगशाळेचा कागद त्या वाटेवरील एक खूण आहे.

मग कोलेस्टेरॉलचे काय?

याचा अर्थ कोलेस्टेरॉलकडे दुर्लक्ष करावे, असा मुळीच नाही. मधुमेह्याने त्याची काळजी इतरांपेक्षा अधिकच घ्यावी. सांगावयाचे एवढेच की, कोलेस्टेरॉलचा उपाय कोलेस्टेरॉलच्या औषधाने करावा, रक्तदाबाची गोळी बंद करून करू नये.

तो उपाय आज आपल्या हाती आहे. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकात बुरशीपासून मिळवलेल्या द्रव्यातून स्टॅटिन या औषधकुळाचा पाया घातला गेला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २८३८ मधुमेह्यांपैकी निम्म्यांना रोज १० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन देण्यात आले. त्यांना पूर्वी हृदयविकार झालेला नव्हता आणि त्यांचे एलडीएलही फार वाढलेले नव्हते. तरीही त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. लाभ इतका स्पष्ट होता की चाचणी दोन वर्षे आधीच थांबवण्यात आली. मूत्रल गोळीने वाढू शकणारे दोन-चार मिलिग्रॅम एका बाजूस ठेवा आणि स्टॅटिनने तीस-चाळीस टक्क्यांनी उतरणारे एलडीएल दुसऱ्या बाजूस ठेवा, म्हणजे प्रमाणाची कल्पना येईल. स्टॅटिननेही साखर किंचित वाढू शकते, परंतु तिच्यापासून होणारा लाभ त्याहून कितीतरी मोठा आहे.

एका गोष्टीविषयी मात्र सावध राहावे. रक्तदाबाची काही औषधे आणि काही स्टॅटिन यांचे एकमेकांशी पटत नाही. अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्याने सिम्व्हास्टॅटिन दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नये. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल घेणाऱ्यासाठी ही मर्यादा १० मिलिग्रॅमची आहे. मात्रा ओलांडली तर स्नायूंना इजा होण्याचा संभव वाढतो. म्हणून दोन वेगळ्या डॉक्टरांकडे जाणाऱ्याने प्रत्येकाला सर्व औषधे दाखवावीत. स्टॅटिन घेताना अंग विलक्षण दुखू लागले किंवा लघवी काळसर होऊ लागली तर तत्काळ कळवावे.

आकडा वाढला तर

अहवालात कोलेस्टेरॉल वाढलेले दिसले की गोळीला दोष देण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. एकाच माणसाच्या दोन तपासण्यांत दहा-पंधरा अंकांचा फरक आपोआपही पडतो. तपासणी त्याच प्रयोगशाळेत झाली होती काय? मधल्या काळात साखर चढलेली होती काय? साखर सुटली की ट्रायग्लिसराइड हमखास सुटतात. स्टॅटिनची गोळी सलग घेतली गेली होती काय, की अहवाल चांगला आला म्हणून मध्येच थांबवली होती? थायरॉइडची तपासणी झाली आहे काय? आणि चतुर्थी, शिगमो, नाताळ यांपैकी काही नुकतेच होऊन गेले आहे काय? या शेवटच्या प्रश्नाला आपण हसलात, परंतु फेणीचे चार घोट आणि गोड पक्वान्ने ट्रायग्लिसराइडवर जेवढा परिणाम करतात, तेवढा साडेबारा मिलिग्रॅमची गोळी करीत नाही.

आपल्या जेवणाविषयीही दोन शब्द बोलणे भाग आहे. नारळ सोडा, असे गोमंतकीय माणसाला सांगणारा डॉक्टर आपला श्रोता गमावतो. मी तसे सांगत नाही. वाटणातील नारळ निम्म्यावर आणावा, खोबरेल तेलात तळणे सणासुदीपुरते ठेवावे, मासळी तळण्याऐवजी आमटीत घालावी, एवढे जमण्यासारखे आहे. मिठाचे मात्र अधिक कडकपणे पाहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभर मिठापेक्षा, कमी मीठ खावे. खारवलेली सुकी मासळी, लोणचे, पापड आणि चोरीस यांतून ते नकळत कितीतरी अधिक जाते. मीठ घटले की रक्तदाब उतरतो, गोळीची मात्रा लहान ठेवता येते आणि मात्रा लहान राहिली की तिचा कोलेस्टेरॉलवरील परिणामही नगण्य राहतो. ज्याला मूत्रल गोळीची भीती वाटते, त्याने आपले लोणचे कमी करावे.

रुग्णांसाठी आणि सहकाऱ्यांसाठी

रुग्णांनी लक्षात ठेवावे की बहुतेक मधुमेह्यांनी रक्तदाब १३०/८० च्या आत राखणे हितावह असते. वार्धक्याने थकलेल्यांसाठी डॉक्टर वेगळी मर्यादा ठरवतील. धोका अधिक असलेल्या मधुमेह्याचे एलडीएल ७० च्या आत, आणि ज्याला हृदयविकार होऊन गेला आहे त्याचे ५५ च्या आत असावे, असा आजचा दंडक आहे. आपल्या पाकिटावर काय लिहिले आहे, तेही वाचावे. रक्तदाबाच्या संयुक्त गोळीच्या नावापुढे 'एच' हे अक्षर असेल तर तीत बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असते आणि 'एएम' असेल तर अ‍ॅम्लोडिपिन. आपण काय घेतो हे ठाऊक असावे, कारण ज्याला ठाऊक असते तो प्रश्न विचारू शकतो.

कोणतीही गोळी आपल्या मनाने एकाएकी थांबवू नये. बीटा-रोधक अचानक सोडल्यास छातीत कळ येऊन झटक्याचा धोका असतो, तर क्लोनिडिन अचानक सोडल्यास रक्तदाब उसळी मारतो. उलट्या-जुलाब सुरू झाले तर मूत्रल किंवा एसीई-रोधक गोळी तात्पुरती थांबवावी लागते. तो निर्णयही विचारून घ्यावा.

माझ्या सहकाऱ्यांना, विशेषतः घरोघरी जाणाऱ्या आरोग्य सेविकांना, एक विनंती. रक्तदाब मोजण्यापूर्वी डबा पाहा. किती गोळ्या उरल्या आहेत ते मोजा. त्या अधिक उरल्या असतील तर रागावू नका, कारण विचारा. रुग्णाच्या मनात काही भीती असेल तर ती तुमच्यापुढे बोलून दाखवण्याचे धैर्य त्याला आले पाहिजे. मूत्रल गोळी किंवा एसीई-रोधक सुरू केल्यावर काही आठवड्यांनी पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासले गेले आहे की नाही, हेही त्याच भेटीत पाहून घ्यावे. बदल करावयाचा असेल तर औषधे पुष्कळ आहेत. एखाद्याची साखर मूत्रल गोळीने खरोखरच अनावर होत असेल तर आपण दुसरा गट निवडू शकतो. फक्त तो बदल डॉक्टरांच्या खोलीत व्हावा, पत्र्याच्या डब्यात होऊ नये.

शेवटी मास्तरांविषयी. ते बचावले. कित्येक महिन्यांच्या व्यायामानंतर काठीच्या आधाराने चालू लागले. वाचा पूर्णपणे परत आली नाही, परंतु डाव्या हाताने लिहिण्यास ते शिकले. त्यांची वही आजही आहे. पुढे एकदा त्यांनी ती माझ्यापुढे उघडून धरली. रक्तदाबाच्या आकड्यांच्या शेजारी त्यांनी आणखी एक रकाना आखला होता आणि त्यावर वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले होते : 'डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न'. त्या दिवशी त्यात तीन प्रश्न होते. तिन्हींची उत्तरे द्यावयास मला दहा मिनिटे लागली. पाच महिन्यांपूर्वीची ती दहा मिनिटे मी त्यांना देऊ शकलो असतो, असे तेव्हापासून माझ्या मनात राहिले आहे. रुग्णाने प्रश्न विचारला नाही हा जसा त्याचा दोष, तसा विचारता येईल एवढी जागा आम्ही ठेवली नाही हा आमचाही दोष आहे.

आपणही घरी गेल्यावर एका वहीत तसा रकाना आखावा आणि पुढच्या तपासणीस येताना ती वही सोबत आणावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.